कायमचा पत्ता

पेढा तोंडात टाकला तेव्हा तो कशाचा आहे, हे रत्नप्रभाला ठाऊक नव्हतं. नीलाच्या मुलुंडच्या घरी गेलं की हातावर काहीतरी पडायचंच, वडी नाहीतर लाडू नाहीतर भिजवलेले बदाम, त्यामुळे विचारायची सवय तिला राहिली नव्हती. ती केमिस्ट्रीचं पुस्तक परत करायला आली होती आणि लगेच निघणार होती. पंख्याखाली ओले केस सोडून बसलेली नीला सहज म्हणाली, "उत्तराचे आहेत गं. फार्मसीला झालं ना तिचं. परवाच सगळे कागद जमा करून आली." उत्तरा नीलाची मामेबहीण. प्रतीक्षा यादीत उत्तराचा नंबर अकरावा आणि रत्नप्रभाचा सातवा. जून संपताना कॉलेजच्या फळ्यावर ती यादी लागली तेव्हा तिघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. नीलाचं नाव पहिल्याच यादीत होतं, म्हणून ती दोघींच्या पाठीवर हात ठेवून समजूत घालत होती. पेढा अर्धा घशाखाली गेला होता, अर्धा जिभेवर होता. "तुझं तर आधीच आलं असेल," नीला म्हणाली. "सातवा म्हणजे पहिल्या झटक्यात. नाही आलं?" "येईल," रत्नप्रभा म्हणाली, आणि उरलेला पेढा तिने गिळून टाकला. थुंकायचा म्हटलं तरी कुठे थुंकणार होती? बेसिनसुद्धा त्यांचंच होतं.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि त्या खिडकीचाही तिला राग आला. सातवा नंबर असा मधूनच कुठे जातो? सहाव्यानंतर आठवा कोण म्हणतं? यादी माणसांनीच केलेली असते आणि माणसांनीच ती पुढे सरकवायची असते. मग कुणीतरी तिच्या नावावर बोट ठेवून क्षणभर थांबलं असेल, पालव रत्नप्रभा सहदेव असं वाचलं असेल, आणि बोट खाली सरकवलं असेल. का? नुसत्या रागाने तिचं भागत नव्हतं, त्याला धरायला एक माणूस हवा होता. भांडुपपर्यंत तिने उत्तराच्या वडिलांना धरलं. त्यांचं बँकेत वजन होतं, बोलताना ते समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करत, आणि एकदा नीलाच्या घरी त्यांनी रत्नप्रभाला विचारलं होतं, "पालव म्हणजे कुठले तुम्ही?" असल्या माणसाने एक फोन केला की झालं. उत्तराला तिच्यापेक्षा चार मार्क कमी होते. मार्च महिनाभर रत्नप्रभा पहाटेच्या पाण्याच्या रांगेत हंडा पायाशी ठेवून सूत्रं पाठ करत उभी राहिली होती ती या चार मार्कांसाठी, आणि पुढची बाई "सरक गं मास्तरीण" म्हणून तिला ढोसायची. त्या चार मार्कांचे आता पेढे झाले होते, आणि त्यातला एक तिने खाल्ला होता. विक्रोळीच्या पुढे तिने दातांत अडकलेला कण जिभेने काढला. पेढा मात्र चांगल्या खव्याचा होता, हेही तिच्या लक्षात राहिलं आणि त्याबद्दल तिने स्वतःला एक शिवी घातली.

भटवाडीच्या शेवटच्या इमारतीनंतर डांबर संपतं आणि डोंगर सुरू होतो. आधी दगडी पायऱ्या, मग नुसते दगड, मग जिथे पाय ठरेल तिथे वाट. कॉलेजात कुणी विचारलं तर ती "भटवाडीला" एवढंच भरकन म्हणून विषय बदलायची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खालच्या इमारती यायच्या, गच्ची, कुंड्या वगैरे, आणि ती ते येऊ द्यायची. खोटं काही बोलत नव्हती ती. दोन वर्षांत नीलाने तीनदा तरी "तुझ्याकडे यायचंय गं" म्हटलं होतं, आणि तिन्ही वेळा पालवांच्या घरी गावचे पाहुणे आलेले होते. पायऱ्यांच्या तोंडाशी काशीरामचं किराणा दुकान. पोस्टमन डोंगर चढत नसे. काशीरामच्या गल्ल्याशेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा रिकामा डबा असायचा, त्यात तो वरच्या दीड-दोनशे घरांची पत्रं टाकून जायचा, आणि ज्याने त्याने येऊन आपापलं उचलायचं. सहा आठवडे झाले, रोज दुपारी बारा वाजता रत्नप्रभा त्या डब्यापाशी जात होती. साखर आणायला म्हणून, काडेपेटी आणायला म्हणून. पंधरा दिवसांनी निमित्तं संपली आणि ती नुसतीच जायला लागली. काशीराम डबा पुढे सरकवायचा. लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या, कुणाच्या तरी सुनेचं माहेरून आलेलं आंतरदेशीय. डब्याला अजून बिस्किटांचा वास होता. त्या वासाने तिला जेवण झालेलं असलं तरी भूक लागल्यासारखं व्हायचं. पोस्टमनने पत्र हरवलं असेल, असं तिने आज ठरवून टाकलं. मग काशीरामच्या उंदरांनी कुरतडलं असेल. मग वरच्या गल्लीतली शुभा, जी अकरावीला नापास झाली होती आणि हिच्याकडे तिरप्या डोळ्यांनी बघायची, तिने ते उचलून चुलीत घातलं असेल. चढण संपेपर्यंत तिने अर्ध्या डोंगराला आरोपी केलं होतं, आणि घरी पोचून आईने चहा पुढे केला तर तिला म्हणाली, "मला नको तुझा तो पांचट चहा."

आईने कप उचलून बाजूला ठेवला. या दीड महिन्यात सगळेच तिला सांभाळून घ्यायला शिकले होते. फार्मसीला मिळालं तर काय वाटेल ते करू, नाही मिळालं तर साकीनाक्याला, हे मे महिन्यातच ठरलेलं होतं. गिरण्यांच्या संपानंतर दीड वर्ष घरी बसून सहदेव पालव साकीनाक्याच्या ज्या वर्कशॉपमध्ये लागले, तिथे औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची बुचं होत. बुचं मोजून पिशव्यांत भरायला मुली लागत. मालक दोनदा म्हणाला होता, तुझी पोरगी शिकलेली आहे, पाठव. बाबांनी तिला हे सांगताना तिच्याकडे बघितलं नव्हतं. ते घरी आले की त्यांच्या केसांना जळक्या प्लॅस्टिकचा वास असायचा, आंघोळ करूनही जायचा नाही, आणि त्या वासात आयुष्य काढायचं या कल्पनेने रत्नप्रभाची झोप उडायची. ज्या बाटल्यांना बाबा बुचं करतात, त्या बाटल्यांत काय घालायचं ते आपण ठरवू, असं ती एकदा हौसेने म्हणाली होती. बाबा इतके हसले होते, की शेजारून विचारायला आले.

आणि तो फॉर्म. त्या फॉर्मचं बाबांनी काय केलं होतं, ते आठवून तिला आता दात खावेसे वाटत होते. फॉर्म घरी आला त्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत. आंघोळ करून त्यांनी तो देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू लावणार होते, पण ती किंचाळली म्हणून नुसती उदबत्ती ओवाळली. मग पाटावर बसून, सातवीपर्यंतच्या त्या ठसठशीत अक्षरात, पहिल्या चार ओळी त्यांनी स्वतः भरल्या. घराण्यातला पहिला फॉर्म होता तो; बापाच्या हाताने सुरू व्हायला हवा होता. तिचं नाव. स्वतःचं नाव. मग कायमचा पत्ता. तिथे ते कुणाला न विचारता लिहीत गेले, मुक्काम पोस्ट आंबेखोल, तालुका कणकवली, जिल्हा रत्नागिरी. मग जिल्हा बदलल्याचं आठवून रत्नागिरी खोडलं आणि सिंधुदुर्ग लिहिलं. "बाबा, आपण इथे राहतो," ती म्हणाली होती. "ह्या काय कायमचा?" त्यांनी पेन थांबवून झोपडीभर नजर फिरवली होती. "म्युनिसिपालटीवाल्यांनी दोनदा तोडल्यानी. तिसऱ्यांदा येतीत तेव्हा काय सांगशात? कायमचो पत्तो म्हणजे गावचोच." आंबेखोलच्या घरात त्यांच्या वाट्याला एक खोली आणि अर्धी पडवी. दारसुद्धा वेगळं नाही. रत्नप्रभा गणपतीला जाते तेव्हा थोरल्या काकांच्या स्वयंपाकघरातून आत जाते. वीस वर्षं हा माणूस या डोंगरावर राहतोय, इथे त्याला पोर झाली, त्याचे केस पांढरे झाले, आणि हा कायमचा राहतो तिकडे. अशा माणसाच्या मुलीला कॉलेजने कुठे शोधायचं?

गुरुवारी दुपारी ती काशीरामच्या दुकानावरून रिकाम्या हाताने परत आली तेव्हा घरात दादू बसला होता. दादू गावचा, एस्टीने मुंबईला आला की अख्ख्या वाडीच्या पिशव्या घेऊन घरोघर फिरायचा. आमसुलं काढून झाली होती, कुळथाची पुरचुंडी काढून झाली होती, आणि आई दारातच उभी राहून रडत हसत होती. "रत्ना, इला गो तुझा पत्र." आईच्या हातात लांबट खाकी पाकीट होतं. त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. "धोंडिरामदादान पाठवल्यान," दादू थोरल्या काकांबद्दल कौतुकाने सांगत होता. "सरकारी कागद म्हणून फोडूक नाय. देवाफुडे ठेवलेलो. पोस्टान पाठवल्यार हरवात, म्हणान म्हणालो, कोण जाताहा त्येच्याच हातात दितंय. पण भाताची लावणी चलली ना, कोण जातलो मुंबैक?" पाकीट फोडताना कुंकू तिच्या अंगठ्याला लागलं. प्रतीक्षा यादी क्रमांक सात. मूळ प्रमाणपत्रांसह एकवीस जुलै रोजी सकाळी अकरा वाजता. उपस्थित न राहिल्यास आपला हक्क संपुष्टात आला असे समजण्यात येईल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात ऑगस्ट होता. तिने पत्र घडी करून पाकिटात परत ठेवलं, अगदी नीट, आणि दादूला विचारलं, "चहा घेतलात?" आई अजून हसत होती.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत तिने. एवढे दिवस राग वणवण फिरत होता, त्याला आता घर सापडलं होतं. ती बोलत गेली. तुमचं ते गाव, म्हणाली, तुमचं ते देवापुढे ठेवणं. सतरा दिवस उशीर, बाबा, सतरा दिवस, आणि माझं पत्र तिकडे नारळाशेजारी पडलं होतं. तुमच्या भावाला वाटलं, कागद आहे, पूजा करू. कायमचा पत्ता म्हणे. काय आहे तुमचं तिथे? अर्धी पडवी. मला बुचं भरायला लावायचं होतं तर तसं सांगायचं, एवढा खेळ कशाला केलात? शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. बाबा दारातच उभे होते, डब्याची पिशवी हातात तशीच, आणि तिच्या अंगठ्यावरच्या कुंकवाकडे बघत होते. मग ते म्हणाले, "पण पत्र धाडूचो पत्तो येगळो आसता ना गो? खाली एक ओळ होती. ती मिया भरूक नाय." "सगळं तुम्हीच भरलंत," रत्नप्रभा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. "आसात," ते म्हणाले. "मियाच भरलंय आसात." मग ते पिशवी ठेवून मोरीत हातपाय धुवायला गेले, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ धुत राहिले.

ती ओळ. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि ती ओळ बघायची नाही म्हणून तिने धोंडिरामकाकांना शिव्या घातल्या, पोस्टखात्याला घातल्या, उत्तराला पुन्हा एकदा घातल्या. पण ती ओळ तिथेच होती. कॉलेजच्या खिडकीसमोरची रांग, जूनची दुपार, कट्ट्यावर टेकून उरलेला फॉर्म भरत असलेली ती. पेन नीलाचं होतं, शाईचं, चांगलं सरसर चालणारं. नीला खांद्यावरून वाकून बघत होती, तिच्या वेणीचं टोक रत्नप्रभाच्या दंडाला लागत होतं. पत्रव्यवहाराचा पत्ता, अशी ओळ आली. द्वारा काशीराम किराणा दुकान. भटवाडी डोंगर. मारुतीच्या देवळामागे. वरच्या नळाजवळ. झोपडी क्रमांक. हे सगळं तिच्या हातात येऊन थांबलं. नीलाच्या श्वासाला बडीशेपेचा वास येत होता. "अय्या, कणकवली? आंबे वगैरे असतील ना तुमचे?" नीला म्हणाली होती, आणि "आहेत ना थोडे" असं म्हणता म्हणता रत्नप्रभाने लिहून टाकलं होतं, वरीलप्रमाणे. एकच शब्द. पत्र, पोस्टमन, यातलं काही त्या क्षणी डोक्यात नव्हतंच. नीलाची नजर पुढच्या ओळीवर जावी एवढंच हवं होतं. गेली ती नजर. त्यानंतर सहा आठवडे ती रोज बारा वाजता एका पत्र्याच्या डब्यात हात घालत होती, जिथे ते पत्र येणार नाही याची व्यवस्था तिनेच केली होती. आणि तिला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं आणि नव्हतं. ते तिने कुठेतरी खाली दडपून ठेवलं होतं, आणि त्यावर बसून साऱ्या जगावर ओरडत होती. आता तिला स्वतःचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याहून जास्त राग तिला नीलाच्या त्या पेनाचा आला, तिच्या निरागस प्रश्नाचा आला, कुठलाही पत्ता एका ओळीत बसणाऱ्या तमाम माणसांचा आला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा खाडा केला आणि दोघं कॉलेजात गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीसमोर दहा-बारा जण होते, कुणाला दाखला हवा होता, कुणाला ओळखपत्र. कारकून वाईट माणूस नव्हता, त्यामुळे तर तिला अधिकच चीड आली. भांडायलाही काही उरलं नाही. त्याने पत्र वाचलं, कुंकू बघून किंचित हसला, मग फायलींच्या गठ्ठ्यातून तिचा फॉर्म काढून कट्ट्यावर ठेवला. "अकरा जुलैला टाकलंय आम्ही पत्र," तो म्हणाला. "ज्या पत्त्यावर सांगितलंत त्याच पत्त्यावर. हे बघा." वरच्या ओळींत बाबांचं ठसठशीत अक्षर होतं, खोडलेली रत्नागिरी होती. त्याच्या खाली दुसऱ्या शाईत, तिरप्या, घाईच्या, कॉलेजातल्या मुलीच्या अक्षरात तो एक शब्द होता. बाबा वाकून बघत राहिले. तिचं अक्षर त्यांना लांबूनही ओळखू यायचं. तिच्या पहिलीतल्या पाट्यासुद्धा त्यांनीच पुसून दिल्या होत्या. "मीच लिवलंय ते, साहेब," बाबा म्हणाले. "पोरीची काय चूक नाय. माकाच समाजला नाय." कारकुनाने शाईकडे पाहिलं, अक्षराकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे पाहिलं. मागच्या रांगेत कुणीतरी "लवकर आटपा ना यार" म्हणालं.

बाबांनी ती चूक अशी अलगद उचलून खांद्यावर घेतली, घामट ओझं घ्यावं तशी, आणि त्यांना काही झालंसुद्धा नाही, हे तिला सहन होईना. काल तिने त्यांना पायातल्या वहाणेसारखं वागवलं होतं, आणि आज ते तिला वाचवत होते. कुणी सांगितलं होतं वाचवायला? "मी लिहिलंय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझं अक्षर आहे. मी लिहिलंय." बाबा तिच्या दंडाला हात लावत म्हणाले, "आसां दी गो." तिने दंड सोडवून घेतला. कारकुनाने चष्मा काढून पुसला. "अर्ज देऊन ठेवा," तो म्हणाला. "प्राचार्यांच्या नावे. जागा भरल्यात, खोटं कशाला सांगू. पण एखादी मुलगी सोडून जाते, पंधरा-वीस दिवसांत कळतं. झालं तर पत्राने कळवू." त्याने एक कोरा कागद सरकवला. पुन्हा वाट बघायची. पुन्हा बारा वाजता तो डबा, तो बिस्किटांचा वास. तिला तो कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. बाबांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं, टोपण काढून. "पत्तो तू लिव," ते म्हणाले.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तिने सुरुवात केली. रत्नप्रभा सहदेव पालव. द्वारा काशीराम किराणा दुकान. ती इतकं दाबून लिहीत होती की बाबांचं पेन कागदात रुतत होतं. पायऱ्यांच्या सुरुवातीला. मारुतीच्या देवळामागे, वरच्या नळाजवळ. झोपडी क्रमांक दोनशे चौदा. भटवाडी डोंगर, घाटकोपर पश्चिम. एक अक्षरही तिने आखडून लिहिलं नाही. रांगेतली तिच्या वयाची एक मुलगी खांद्यावरून वाकून बघत होती, आणि रत्नप्रभाने कागद हाताने झाकला नाही. उलट तिला नीट दिसावा म्हणून थोडा वळवला. कारकुनाने मान तिरपी करून वाचलं. "एवढा लांब पत्ता?" तो म्हणाला. "अर्धं पान यातच गेलं की. मजकूर कुठे लिहिणार?"

"मागच्या बाजूला लिहीन," ती म्हणाली, आणि पिनकोड लिहायला वाकली.